पेठच्या मोटारीतली कोपऱ्याची जागा

नाशिक, सराफ बाजार
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५६

तीर्थस्वरूप रावजी दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा सावळीराम याचा साष्टांग नमस्कार पोचावा. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. फक्त आमच्या कुटुंबाची, सिंधूची, दाढ ठणकते, आणि ती माझ्यामुळे ठणकते असे तिचे म्हणणे आहे (दाढेचा आणि माझा संबंध तिने अद्याप सिद्ध केलेला नाही). आपल्या कानाचे कसे आहे? अक्काने आषाढातल्या पत्रात डावा कान लिहिला होता आणि दिवाळीच्या पत्रात उजवा. दोन्ही असल्यास तसे लिहावे, एकच असल्यास कोणता ते ठरवून लिहावे, म्हणजे त्याप्रमाणे औषध पाठवता येईल.

दाजी, आपण गणितातले बी. ए., पुण्याच्या शाळेत तीस वर्षे मुलांना वर्गमूळ शिकवणारे. मी मराठी चौथीतून उठलेला काटेदुरुस्त्या. परंतु सबंध सराफ बाजारातला एकही काटा माझ्या हाताखालून गेल्याशिवाय खरे बोलत नाही, हे आपणही नाकारत नाही. तीन वर्षांपूर्वी आपण आमच्या ओट्यावर बसून म्हणाला होता, 'सावळीराम, तराजूपुरते ठीक आहे, वेगाबिगाच्या भानगडीत पडू नकोस.' त्या दिवसापासून मी पडलो आहे. आपण टाकून दिलेली दोन इंग्रजी पुस्तके शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, आणि त्यातल्या एकात छापण्याची चूकही काढली (पान दोनशे चौदा, खालून सहावी ओळ). हे आधी लिहिण्याचे कारण असे, की पुढे जे लिहिणार आहे ते वाचून माणूस बिघडला असे आपणांस वाटेल. माणूस बिघडलेला नाही. मजकूर बिघडलेला आहे.

आमच्याकडून पेठला सर्व्हिस मोटार जाते. ती चालवतो निजाम. चाळिशीचा, शांत, दमडीचे व्यसन नसलेला माणूस. घरी बायको ताहेरा आणि चार लेकरे. क्लीनर पुंजा, माझ्याहून वयाने मोठा, त्या रस्त्यावर बैलगाडी हाकत म्हातारा झालेला. या मोटारीची एक पद्धत आहे, आणि मोटारीआधी ती बैलगाड्यांची होती. पेठकडे जाताना घाट उतरायला लागतो, तिथे एक जांभळीचे वळण आहे. तिथे गाडी साफ थांबवायची. मागच्या दारालगतच्या कोपऱ्यात जो बसला असेल त्याला उठवून इकडेतिकडे कोंबायचे. पुंजा मागचे दार उघडतो, तीन श्वास थांबतो, लावतो. मग पाच फर्लांग उताराने खाली ओढ्यापर्यंत, आणि ओढ्याशी पुन्हा थांबून दार उघडायचे, तीन श्वास, लावायचे. त्यानंतर उठवलेल्या माणसाने आपल्या जागी बसावे. परतीच्या चढाला हे काही करत नाहीत. का, म्हणून विचारले तर पुंजा म्हणाला, "तो माघारी येत नाय." रोज खाली उतरतो आणि माघारी येत नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वर हजर होतो कसा, हा माझा प्रश्न. यावर पुंजाने बिडी पेटवली.

ही पद्धत वर्षानुवर्षे कोणाला सलली नव्हती. पण कार्तिकात एका सरकारी कारकुनाला कोपऱ्यातून उठवले, त्याने मोटारीच्या मालकांकडे तक्रार केली (मालकांचे नाव लिहीत नाही, त्यांचा मोठा काटा माझ्याकडे दुरुस्तीला असतो). मालकांनी हुकूम काढला: थांबणे बंद, दार उघडणे बंद, उतारूला उठवणे बंद. निजाम हात जोडून म्हणाला, "शेट, बाकी काय सांगाल ते करीन. हे दार मी बंद ठेवणार नाही. लेकरांचा बाप हाय मी." मालक म्हणाले, मग पुढल्या महिन्यापासून दुसरा माणूस. दोघांची माझ्या दुकानासमोरच जुंपली, आणि त्यात मी बोललो. (सिंधू म्हणते, दाढ त्याच क्षणी ठणकली.) मी म्हणालो, भांडता कशाला? गाडीला तिथे कोणी धरते, ओढते, चढते की नाही, हे मी मोजून देतो. मालक म्हणाले, "सावळीरामाचा काटा मला मान्य." निजाम म्हणाला, "भाऊंचा काटा मलाबी मान्य." आणि अशा रीतीने एका माणसाची भाकरी माझ्या पारड्यात येऊन पडली.

आता रीत सांगतो, ती बारकाईने पाहावी. मोटारीचा वेग दाखवणारा काटा मालकांनी मोटार घेतली तेव्हापासून वीसवर चिकटलेला आहे. गाडी उभी असतानाही ती ताशी वीस मैलांनी उभी असते. माझे घड्याळ खडखडाटात बंद पडते. म्हणजे वेग दिसत नाही आणि वेळही मोजता येत नाही. पण रस्ता मोजता येतो, आणि वेगवृद्धी, म्हणजे वेग किती झपाट्याने वाढतो किंवा घटतो ते, पाहता येते. लाकडी चौकटीत रेशमाच्या दोऱ्याने शिशाचा ओळंबा टांगला, मागे पितळी कमानीवर अंशांच्या रेघा कोरल्या, आणि गोळा हेलकावे खाऊ नये म्हणून करडईच्या तेलाच्या वाटीत बुडवला. गाडीने वेग घेतला की ओळंबा मागे जातो, ब्रेक लावून वेग मारला की पुढे येतो. किती, यावरून वेगवृद्धी. रस्त्यावर जांभळीपासून ओढ्यापर्यंत दर शंभर फुटांवर चुन्याची खूण, तेहतीस खुणा, शून्याची धरून चौतीस. प्रत्येक खुणेला पुंजाने ओरडायचे, मी आकडा टिपायचा. मग चौकटीच्या कागदावर आडवे अंतर, उभी वेगवृद्धी, असा आलेख. त्याखालचे क्षेत्रफळ काढून दुप्पट करावे, सुरुवातीच्या वेगाचा वर्ग त्यात मिळवावा, वर्गमूळ घ्यावे: त्या खुणेवरचा वेग हातात. (पहिल्या दिवशी मी क्षेत्रफळ म्हणजेच वेग असे धरून चाललो होतो. ते वेळेच्या आलेखाला लागू, अंतराच्या नव्हे. ही चूक माझी मीच काढली, वहीत नोंद आहे, तरी आपण हसू नये.)

आणि क्षेत्रफळ मोजायला आपल्यासारखे चौकोन मोजत बसायची मला गरज नाही. मी आलेख जाड कागदावर काढतो, कात्रीने कापतो आणि सोन्याच्या काट्यावर तोलतो. रेषेच्या वरचा, म्हणजे वेग घेतल्याचा कागद उजव्या पारड्यात. रेषेखालचा, वेग मारल्याचा डाव्यात. गाडी जांभळीपाशी साफ उभी होती आणि ओढ्याशीही साफ उभी राहिली. म्हणजे जेवढे कमावले तेवढेच गमावले पाहिजे. दोन्ही पारडी सारखी आली पाहिजेत. याला बी. ए. लागत नाही.

चुन्याच्या खुणा करायलाच एक दिवस गेला. घाटातल्या पाड्यावरची नवसाबाई नावाची म्हातारी आमची मोजणीची साखळी पाहून धावत आली आणि माझे पाय धरून म्हणाली, "सायेब, सडक माझ्या चुलीवरून नेऊ नका." मी सांगितले, मी साहेब नाही, काटे दुरुस्त करतो. तर म्हणाली, "मंग हितं काय तोलताय?" मी घाट तोलतोय म्हणालो. ती चुन्याच्या खुणेकडे बघून म्हणाली, "खूण हितं नका करू. त्याला पाय कुटं टाकावा ते कळणार नाय." आणि पदराने ती खूण पुसून हातभर बाजूला सरकवली. (मी पुन्हा जागच्या जागी केली. तिने पुन्हा पुसली. चौदावी खूण म्हणून तीन इंच संशयित आहे, तसे वहीत लिहिले आहे.)

पहिली फेरी सोमवारी. भर अकराचे ऊन. जांभळीपाशी गाडी थांबली, कोपऱ्यातला गुळाचा व्यापारी न सांगता उठला, पुंजाने दार उघडले. दाजी, चौदा उतारू होते, दोन तान्ही पोरे, एक टोपलीभर कोंबड्या. सगळे गप्प. कोंबड्यासुद्धा. कोणी त्या कोपऱ्याकडे पाहत नव्हते. पण ज्या तऱ्हेने न पाहिले की ते कुठे आहे हे कळते, तशा तऱ्हेने पाहत नव्हते. लोक म्हणतात त्या वेळी गाडीच्या मागच्या चाकावरची कमान किंचित दबते. मी पाहिले, दबली. परंतु त्याच वेळी पुंजा पायरीवर चढला होता, म्हणून ते धरलेले नाही. खाली पोचेपर्यंत माझ्या वाटीतले निम्मे तेल व्यापाऱ्याच्या धोतरावर गेले होते.

घरी येऊन कापले, तोलले. डावे पारडे धाडकन खाली. पुन्हा तोलले, पारडी अदलून तोलले. वेग घेतल्याचा कागद साडेतीन गुंजा. वेग मारल्याचा एकोणतीस. म्हणजे तिसऱ्या खुणेनंतर गाडीकडे जेवढा वेग होता त्यापेक्षा जास्त वेग कोणीतरी काढून घेतला होता, आणि काढतच राहिले होते. वेगाचा वर्ग उणे. दाजी, ज्याचा वर्ग उणे तो वेग पुढे जाण्याचा नव्हे, मागे जाण्याचा नव्हे, आणि उभे राहण्याचाही नव्हे. अशा वेगाने जाणारी वस्तू या रस्त्यावर असू शकत नाही. आणि मी तिच्यात बसून आलो होतो. त्या खाली गेलेल्या पारड्याकडे मी बराच वेळ पाहत बसलो. सिंधू जेवायला बोलवायला आली, तिने पारड्याकडे पाहिले, आणि मी काही न सांगताच म्हणाली, "कोण बसलंय त्यात?"

मी निजामाला सांगितले, तू खरा आहेस. घाटात गाडीला मागून कोणीतरी धरतो. ही बातमी दुपारपर्यंत भद्रकालीत आणि तिन्हीसांजेपर्यंत पंचवटीत. माझ्या दुकानात रीघ. लंकाबाई पाटलीण काट्याला हळद-कुंकू वाहून गेली. कुंकवाचे वजन पाव गुंज, ते पुसून काढायला अर्धा तास. निजामाची ताहेरा दारात उभी राहून रडली आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या हाताला बरकत येवो." या बाईचे आशीर्वाद मी दोन दिवस भोगले.

मग बुधवारी पुंजा आला. चौकटीभोवती फिरला, आणि म्हणाला, "भाऊ, राग नाय ना यायचा? तुमचा दोरा सरळच लोंबतोय. मोटारच वाकडी हाय." मी विचारले, म्हणजे काय? तो म्हणाला, "उतारावर गाडीचं तोंड खाली. दोरा बिचारा सरळ जमिनीकडं. तो फुडं आला असं तुमाला वाटतं. गाडी हुबी करून बघा की." दाजी, मी आयुष्यात अनेकांच्या चुका काढल्या आहेत आणि त्यांचे चेहरे पाहिले आहेत. माझा स्वतःचा कसा झाला असेल ते मला पाहता आले नाही, पण पुंजा घाईघाईने म्हणाला, "मला काय कळतंय म्हणा."

उभ्या गाडीत उतारावर ओळंबा तीन अंश पुढे. प्रत्येक खुणेवर गाडी उभी करून उताराचे अंश टिपले, दुसरी फेरी केली, उतार वजा केला, कापले, तोलले. दोन्ही पारडी सारखी, केसाचा फरक नाही. म्हणजे गाडीला कोणी धरत नव्हते. गाडीच्या चालीत त्या पाच फर्लांगांत वावगे काही नव्हते. माझे आयुष्यातले सर्वांत सुंदर मोजमाप, आणि ते निजामाला सांगायला मला त्याच्यापुढे उभे राहवेना. तो ऐकून एवढेच म्हणाला, "काटा तुमचा हाय भाऊ. त्याला का वाकवायचं?" मग जाता जाता वळून म्हणाला, "पण दार मी उघडणार."

मालकांना कळताच ते हसत आले. म्हणाले, स्वतः त्या कोपऱ्यात बसून घाट उतरतो, सगळ्यांदेखत, म्हणजे हा विषय मिटेल. मोजमापासाठी जांभळीपाशी थांबायला त्यांची हरकत नव्हती, दार उघडायला होती. शुक्रवारी गेलो. जांभळीपाशी गाडी थांबली. पुंजाचा हात कडीवर गेला. "खबरदार," मालक म्हणाले. हात खाली आला. निजाम पुढे पाहत होता, त्याची मान मला मागून दिसत होती, घामाने चमकत होती. गाडी निघाली. मी ओळंब्याकडे पाहत आकडे टिपत होतो आणि मालक माझ्याशी मुलीच्या लग्नाच्या मांडवाबद्दल बोलत होते, मोठ्याने, जसे ते बोलतात. बाराव्या खुणेच्या सुमारास त्यांचा आवाज खाली आला. परका माणूस शेजारी येऊन बसला की घरचे बोलणे आपण जसे हळू करतो, तसा. आणि बोलता बोलताच ते माझ्याकडे सरकले. माझे तेल हिंदकळले, रागावून मी वर पाहिले. ते आणि कोपऱ्याचा खांब यांच्यामध्ये नऊ इंच जागा झाली होती (डोळ्यांनी मोजली, माझे डोळे अर्ध्या इंचापेक्षा चुकत नाहीत). त्यांचे तिकडे लक्षच नव्हते. मांडवाला किती कनाती लागतील ते सांगत होते, कुजबुजून. चौदाव्या खुणेला ते अजून थोडे सरकले.

ओढ्याशी गाडी थांबली. कोणी हलले नाही. मालकांनी बोलणे न थांबवता हात लांबवून मागचे दार स्वतः उघडले, दोन्ही गुडघे आत ओढून घेतले, आणि वडीलधारे माणूस उतरताना आपण झुकवतो तेवढी मान झुकवली. तीन श्वास. दार लावले. "चला," म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिले. मांडवाचा विषय त्यांनी अजूनही पुरा केलेला नाही.

अक्काला माझा नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कानात गार वारा जाऊ देऊ नये, कोणताही कान असो.

आपला आज्ञाधारक,
सावळीराम

ता. क. पत्राचे खरे कारण लिहायचे राहिले. दोन रात्री झोप लागल्यावर मालक आता म्हणतात, माझ्या गुडघ्याला मुंग्या आल्या होत्या. आणि माझ्याकडे लेखी निकाल मागतात, सहीशिक्क्याचा, येत्या गुरुवारी. शुक्रवारच्या फेरीचा कागद मी कापला, तोलला. पारडी सारखी, केसाचाही फरक नाही. कागदाप्रमाणे त्या फेरीत काहीच घडलेले नाही. आणि मी तिथे बसलो होतो, दाजी. हा निकाल दिला तर निजाम गेला. खोटे वजन मी सव्वीस वर्षांत दिलेले नाही. तेव्हा सोबत तिन्ही आलेखांच्या नकला, उताराचे आकडे आणि वही पाठवीत आहे. आपण बी. ए. आहात. आजवर मी आपणांस दर पत्रात लिहीत आलो की माझी चूक काढून दाखवा. ते मी उर्मटपणाने लिहीत होतो. आज विनंती म्हणून लिहितो. काहीही करून एक चूक काढा, आणि उलट टपाली कळवा.

दुसरा ता. क. पाकीट टपालात टाकण्याआधी पुन्हा उघडले. चूक सापडली, माझी मीच काढली. आपण त्रास घेऊ नये. ती आकड्यांत नाही. या सगळ्या रीतीत रस्ता येतो, वेगवृद्धी येते, त्यातून वेग निघतो. गाडीचे वजन कुठेच येत नाही! गाडीत चौदा माणसे असोत, पंधरा असोत किंवा एकही नसो, उभी गाडी निघाली आणि पुन्हा उभी राहिली की पारडी सारखीच येणार. मी काट्याला जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर त्याच्याजवळ कधी नव्हतेच. मी मालकांना सहीशिक्क्यानिशी लिहून दिले: 'गाडीचा वेग यथास्थित. गाडीला कोणी धरीत नाही. गाडीत कोण होते, हे या मोजमापातून कळत नाही. ते शेजारी बसलेल्याला विचारावे.' मालकांनी माझ्यासमोर तीनदा वाचले. शेजारी कोण बसले होते हे त्यांना ठाऊक होते: एका बाजूला मी.

तिसरा ता. क. निजामाची नोकरी राहिली. ताहेराने शेवयांची खीर पाठवली, सिंधूने दुखत्या दाढेने खाल्ली. जांभळीपाशी आणि ओढ्याशी दार पूर्वीसारखे उघडायचे. मात्र मालकांनी एक हुकूम नवा काढला आहे: कोपऱ्यातली जागा घाटापुरती नव्हे, नाशकापासूनच रिकामी ठेवायची, तिथे कोणालाही बसवायचे नाही. कारण सांगितले नाही. मी पुंजाला विचारले, घाटाचे पाच फर्लांग समजले, नाशकापासून कशाला? त्याने माझ्याकडे, लहान मुलाकडे पाहावे तसे पाहिले. म्हणाला, "भाऊ, शुक्रवारी वर जांभळीपाशी दार उघडलंच नव्हतं. मंग मालकांनी खाली उतरवलं ते चढलं कुटं असंल?" दाजी, मोटार सकाळी साडेआठला माझ्या दुकानासमोरून सुटते. शुक्रवारी ओळंब्याची चौकट चढवायला मला वेळ लागला, म्हणून मागचे दार चांगले पाव तास उघडे होते. मीच धरून ठेवले होते.